आईने गाळलेली गोष्ट

आई पडद्याची कडी अडकवायला स्टुलावर चढली आणि खाली आली ती थेट उजव्या हातावर. मनगट दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून दम भरला. त्या प्लास्टरमध्ये नुसता आईचा हात नव्हता, मामाचा अख्खा रविवार अडकला होता, हे घरात कुणाच्या ध्यानात यायला संध्याकाळ व्हावी लागली.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वय पंचावन्न, जन्मापासून कानाने ठार बहिरा. घराच्या मागच्या बाजूला त्याचं दुकान होतं. जुन्या खुर्च्या आणि सोफे उसवायचे, आतली बसलेली स्प्रिंग बदलायची, काथ्या भरायचा आणि वर नवं कापड ताणून ठोकायचं, हा त्याचा धंदा. काम करताना तो ओठांत आठ-दहा बारीक खिळे धरून बसायचा आणि तरीही अखंड बोलायचा, कारण त्याचं बोलणं हातांनी. तोंड भरलेलं असताना इतक्या गप्पा मारणारा दुसरा माणूस कुणी पाहिला नसेल.

दर रविवारी मामा चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा आणि आई त्याच्यासमोर खुर्ची टाकून, पाळकसाहेबांकडे पाठ करून, त्यांचा उपदेश हातांनी मामाला सांगायची. चाळीसच्या वर वर्षं हे चाललं होतं. आता आईचा हात गेला म्हटल्यावर हे काम आपोआप आलं मुलीकडे, म्हणजे मामाच्या भाचीकडे.

भाचीला हातांची भाषा उत्तम यायची. बोलायच्या आधी ती हातांनीच मामाकडे खाऊ मागायला शिकली होती. पण चर्चमध्ये तिने दहा वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं. देवाशी भांडण असं काही नव्हतं. एखादं नातं फोन करीन करीन म्हणता म्हणता सुटतं, तसा देव तिच्याकडून सुटला होता. एकोणतीस वर्षांची ती मुलगी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. तिथे दिवसभर लोक नळाच्या नावाने बोंब मारायचे आणि तिने चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायचं, "नोंद घेतली आहे." या कामात ती इतकी तरबेज झाली होती की साहेब नव्या लोकांना तिचा चेहरा दाखवायचे, "असा ठेवायचा."

पहिल्या रविवारी तिने तोच चेहरा लावला आणि कामाला लागली. पाळकसाहेब बोलत होते, तिचे हात चालत होते. एकही शब्द सुटत नव्हता. मध्येच पाळकसाहेब रंगात येऊन म्हणाले की विश्वास माणसात शिरतो तो कानांवाटे. भाचीने तेही बिनचूक सांगितलं. मामाच्या भुवया वर गेल्या.

"कानांवाटे?" त्याने विचारलं.

"असं म्हणाले ते."

"मग माझ्यात कुठून शिरणार? माझी तर दोन्ही दारं बंद."

भाचीने नकळत हातांनी उत्तर दिलं, "नोंद घेतली आहे."

उपासना संपल्यावर मामाने तिला मोटारसायकलच्या रांगेशी गाठलं. "तुझे हात चांगले आहेत," तो म्हणाला. "पण तुझा देव तक्रारीच्या खिडकीवर बसलेला दिसतो. समोरचा रडतोय आणि हा म्हणतोय, पुढच्या मंगळवारी या."

"मामा, मी शब्द सांगते. चेहरा माझाच राहणार ना?"

"आपल्या भाषेत चेहरा नसेल तर वाक्य अर्धं राहतं, हे काय मी तुला शिकवू?" मग त्याने स्वतःच्या कानाला बोट लावलं. "आणि ते कानांचं. इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ताईने कधीच नाही."

घरी आल्यावर या विषयावर सभा भरली. आईने आधी कानावर हात ठेवले, म्हणजे एकच ठेवला, दुसरा गळ्यात होता. मग हळूहळू कबुली येऊ लागली. उपदेशात मामाला लागेल असं काही आलं की ती ते गाळायची. बहिऱ्यांचा, मुक्यांचा, कानांचा उल्लेख आला की वगळायची आणि मधली जागा रिकामी दिसू नये म्हणून स्वतःचं काहीतरी भरायची.

"काय भरायचीस?" भाचीने विचारलं.

"आता काय सगळं आठवतंय होय मला? सुचेल ते. शर्टची कॉलर नीट कर. नखं काप. डॉक्टरकडे जाऊन ये."

मामाने कपाळाला हात लावला. आधीचे पाळकसाहेब भर उपदेशात नखांविषयी का बोलतात, याचं कोडं त्याला वीस वर्षं पडलं होतं. त्या भल्या माणसाविषयी त्याचं मत त्यामुळे जरा बिघडलेलंच होतं. तो आईवर भडकला. आई डाव्या हाताने उलट बोलू लागली, पण डाव्या हाताचं बोलणं इतकं बोबडं उमटत होतं की शेवटी भांडण राहिलं बाजूला आणि दोघं हसत सुटली. हसू आवरल्यावर मामाने भाचीकडे वळून बजावलं, "तू काही गाळायचं नाहीस. कडू असलं तरी. आणि चेहऱ्यासकट सांगायचं."

आता आली का पंचाईत! चेहऱ्यासकट सांगायचं तर चेहरा माहीत हवा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर भाची पाळकसाहेबांच्या खोलीत जाऊन बसली. पाळकसाहेब पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला आणि तरी तो शोधत फिरणारे. येत्या रविवारची गोष्ट होती झाडावर चढून बसलेल्या वसुली अधिकाऱ्याची. येशू गावातून जात असतो, गर्दी मोठी, अधिकारी बुटका, म्हणून तो झाडावर चढतो आणि येशू झाडाखाली थांबून त्याला हाक मारतो.

"कोण कुठे उभं होतं?" भाचीने विचारलं.

"म्हणजे?"

"मला हवेत माणसं उभी करावी लागतात. हा इथे, तो तिथे. एकदा उभा केला की माझी नजर त्याच जागी जायला हवी, नाहीतर मामाचा घोटाळा होतो."

पाळकसाहेबांनी बावीस वर्षं उपदेश केले होते, पण कोण कुठे उभं होतं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी टेबल मोकळं केलं. पुस्तकांचा ढीग म्हणजे झाड. त्यावर खोडरबर म्हणजे अधिकारी. पेनं, टाचण्यांची डबी, शिक्के ही गर्दी. स्टेपलर म्हणजे शिष्य. "याचं तोंड सारखं उघडतं," पाळकसाहेब म्हणाले, "नंतर पस्तावतो." येशूच्या जागी काय ठेवावं हे दोघांनाही ठरवता येईना. शेवटी भाचीने तिथे आपलं बोट टेकवलं.

मग तिला दिसलं. बोट खाली, खोडरबर वर. "म्हणजे तो मान वर करून बोलला," ती म्हणाली.

"अर्थात. अधिकारी झाडावर होता."

"नुसतं अर्थात नाही. त्या अधिकाऱ्याला सगळं गाव नाक मुरडत होतं ना? तो सवयीने सगळ्यांना खालच्या मानेने भेटत असणार. आणि हा त्याच्याशी खालून वर बघून बोलतोय. लहान मूल बोलतं तसा."

पाळकसाहेबांनी चष्मा शोधला, तो छातीवरच सापडला, आणि त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी खोडून नवं लिहिलं.

रविवारी भाचीने हवेत झाड उभारलं, त्यावर त्या बुटक्याला चढवलं आणि येशू होऊन मान वर केली. मान वर केल्यावर खिडकीवरचा चेहरा टिकेना. तो चेहरा बसून, खाली बघण्यासाठी बनलेला होता. तिच्या भुवया उचलल्या गेल्या, ओठ सैल झाले, आणि 'खाली ये, आज मला तुझ्याच घरी राहायचंय' हे सांगताना तिला चक्क हसू आलं, दाराशी येऊन 'आहे का कुणी घरात?' विचारणाऱ्या पाहुण्यासारखं. मामा बाकाच्या टोकावर सरकला.

"वर बघून बोलणारा मोठा माणूस पहिल्यांदाच पाहिला," तो नंतर म्हणाला. "सोफा घ्यायला येणारे सगळे खाली बघून बोलतात. मी जमिनीवर बसलेला असतो ना."

त्यानंतर शुक्रवारचा नियमच झाला. भाचीचे प्रश्न वाढत गेले. तो नावेत झोपला तेव्हा डोकं कुठल्या बाजूला होतं? त्या बाईने मागून कपड्याला हात लावला, मग तो वळला तो कुठल्या खांद्यावरून? बहुतेक वेळा उत्तर यायचं, "लिहिलेलं नाही." पण जे लिहिलेलं होतं ते इतकं नेमकं निघायचं की ती चकित व्हायची. बसमध्ये, लिफ्टमध्ये तिचे हात आपोआप हलायचे. ऑफिसात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नळाला तीन दिवस पाणी नाही म्हणून सांगितलं तेव्हा ती "नोंद घेतली आहे" म्हणाली खरी, पण म्हणताना तिच्या कपाळावर आठी पडली. म्हातारबाबा गडबडले. "एवढं काही नाही हो," तेच तिची समजूत घालू लागले. साहेबांनी नव्या लोकांना तिचा चेहरा दाखवणं बंद केलं.

आपल्याला काय होतंय हे तिला नीट कळत नव्हतं. विश्वास बसला असं ती म्हणाली नसती. पण ज्याच्याविषयी आपण सांगतो तो माणूस आता ओळखीचा वाटतो, एवढं तिला कबूल करावं लागत होतं.

पाचव्या शुक्रवारी पाळकसाहेब टेबलावर काहीच मांडेनात. "या रविवारी बहिऱ्या माणसाची गोष्ट आहे," ते म्हणाले. "ही गोष्ट आली की तुझ्या मामाला सर्दी होते. मी इथे आल्यापासून सात वेळा झाली."

भाचीने घरी येऊन आईला विचारलं. आई भांडी पुसत होती, एका हाताने, बशी पोटाशी धरून.

"त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "रविवारी सर्दी झाली म्हणून कळव."

"का पण?"

आईने बशी खाली ठेवली. मामा नऊ वर्षांचा होता आणि ती चौदा. गावात कुणी बाहेरचा उपदेशक आला होता. त्याने ही गोष्ट वाचली आणि मामाला सगळ्यांसमोर मंचावर बोलावलं. त्याच्या कानांत बोटं घातली आणि जोरजोराने ओरडला. लोक टाळ्या वाजवत होते. मामाला काही समजेना, तो घाबरून चौफेर बघत होता. काहीच झालं नाही तेव्हा तो उपदेशक लोकांकडे वळून म्हणाला, पोराचा विश्वास कमी पडला. "मी वर चढले," आई म्हणाली, "त्याचा हात धरला आणि घरी घेऊन आले. त्या दिवशी ठरवलं, याच्यापर्यंत जे जाईल ते माझ्या हातांतून जाईल. आणि ही गोष्ट जाणार नाही. मीही ती परत वाचली नाही."

भाची रात्रभर कूस बदलत राहिली नाही, ती दमलेली होती, झोपली. पण सकाळी उठल्यावर तिने ठरवलं की भर उपासनेत मामावर हे टाकायचं नाही आणि लपवायचंही नाही. शनिवारी दुपारी ती पाळकसाहेबांनी दिलेला कागद घेऊन मामाच्या दुकानात गेली.

मामा एका पाठ मोडलेल्या खुर्चीला कापड ताणत होता. ओठांत खिळे. ती समोरच्या उलट्या पेटीवर बसली. "उद्याची गोष्ट आहे," ती म्हणाली. "बहिऱ्या माणसाची. आईने गाळलेली. तू नको म्हणालास तर मी इथेच थांबते."

मामाचा हातोडा खाली आला. "माहीत आहे मला ती. कानांत बोटं, तोंडावर थुंकी उडेपर्यंत ओरडणं, टाळ्या." त्याने खांदे उडवले, पण डोळे खुर्चीवरच ठेवले. मग कापडाचा कोपरा दोनदा ताणला आणि म्हणाला, "सगळं सांग म्हटलं होतं मीच. सांग."

तिने कागद मांडीवर ठेवला. लोक त्या माणसाला घेऊन येतात. याच्यावर हात ठेव म्हणतात. तिने हवेत गर्दी उभी केली, मध्ये तो माणूस, समोर येशू. मग पुढची ओळ वाचली आणि तिचे हात क्षणभर थांबले.

"तो त्याला गर्दीतून बाजूला घेऊन जातो," तिने सांगितलं. "एकट्याला."

मामाने ओठांतले खिळे तळहातावर काढले. "काय?"

"बाजूला. लोकांपासून लांब."

"हे लिहिलेलं आहे, की तू भरतेयस? कॉलरसारखं?"

"लिहिलेलं आहे, मामा. हा बघ कागद."

मामाने तो शब्द बोट ठेवून वाचला. दोनदा वाचला. मग हाताने खूण केली, पुढे.

पुढे तिला करायला काही उरलं नव्हतं. आजवर प्रत्येक गोष्ट शब्दांतून उचलून हातांत आणावी लागायची. इथे ती आधीच हातांत होती. तिने हवेतल्या त्या माणसाच्या कानांना बोटं लावली. त्याच्या जिभेला स्पर्श केला. मान वर करून आभाळाकडे पाहिलं, म्हणजे दुकानाच्या पत्र्याकडे, आणि मोठा श्वास सोडला. तो श्वास तिने सोडला, की तो तिच्यातून सुटला, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. इतकंच झालं की त्या क्षणी तिच्यासमोर मंचावर घाबरलेला एक नऊ वर्षांचा मुलगा उभा होता, आणि त्याच्याकडे बघणारी ती एकटी नव्हती.

मामा उभा राहिला. खिळे जमिनीवर सांडले.

"याला हात येतात!" तो म्हणाला. एवढ्या जोरात म्हणाला की त्याचा कोपर शेल्फला लागून काथ्याचा गठ्ठा खाली आला. "अगं, याला आपली भाषा येते! कान, हे. जीभ, ही. वर, त्याच्याकडून. मी काय करणार आहे ते आधी सांगितलं त्याने त्याला. विचारलं बघ! दचकायला नको म्हणून. ओरडला नाही!"

"नंतर त्याला ऐकू येतं," भाचीने सांगितलं. तिला वाटलं, हे गाळून चालणार नाही.

"येऊ दे की. छान झालं त्याचं. पण ते नंतर." मामाने हात झटकले. "मला ऐकू येऊन काय करायचंय? ताई घोरते म्हणतात. पण आधी तो जे बोलला ना, ते मला कळलं. मधे कुणी नसतं तरी कळलं असतं. तू नसतीस तरी. ताई नसती तरी. आणि हे इतकी वर्षं तिथे लिहिलेलं होतं!"

मग तो पुन्हा खाली बसला आणि त्याने हळूच विचारलं, "तो श्वास कशाचा?"

"लिहिलेलं नाही."

"तुला काय दिसलं?"

भाचीला उत्तर द्यायचं होतं, पण तिचं नाक वाहायला लागलं होतं. मामाने शेल्फवरून फडकं शोधलं, मिळालं नाही, म्हणून गादीत भरायचा कापसाचा बोळा पुढे केला. दोघांनी त्यातच भागवलं.

रविवारी आईही आली, गळ्यातला हात मिरवत. ती मामाच्या मागे, दुसऱ्या रांगेत बसली होती आणि ओठ घट्ट मिटून होती. पाळकसाहेब वाचू लागले. त्यांचा आवाज 'गर्दीतून बाजूला' इथपर्यंत आला आणि मागून स्पष्ट प्रश्न आला.

"बाजूला नेलं?"

सगळं चर्च वळलं. आई उभी होती. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हो बाई. बाजूला नेलं."

"एकट्याला?"

"एकट्याला."

"मग त्या मेल्याने माझ्या भावाला मंचावर का चढवला होता?"

चर्चमध्ये असं कुणी बोलत नसतं. पहिल्या रांगेतल्या वयस्कर बाईंनी छातीवर हात ठेवला. पाळकसाहेब मात्र कागद खाली ठेवून पायऱ्या उतरले, पहिल्या बाकापाशी आले आणि म्हणाले, "त्याने नीट वाचलं नसावं. ते चुकीचं झालं. तो ज्यांच्यापैकी होता त्यांच्यापैकी मीही एक आहे, म्हणून मी माफी मागतो." हे ते आईकडे बघून बोलत होते. मग त्यांना सुचलं आणि ते मामाकडे वळून पुन्हा बोलले, सावकाश, छातीवर मूठ ठेवून.

भाचीने आईचं ओरडणंही मामाला सांगितलं, 'मेल्याने'सकट. काही गाळायचं नाही असं ठरलं होतं. मामाने आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, बस. पुढे ऐक. पुढे चांगलं आहे." आई बसली. भाचीने पुढची गोष्ट हातांनी सांगितली तेव्हा ती मामाबरोबर आईलाही सांगत होती, आणि आईचा प्लास्टरमधला अंगठा तेवढाच हलत होता, मागोमाग.

प्लास्टर निघालं तेव्हा आईला वाटलं, आपली खुर्ची आपल्याला परत मिळणार. मामाने साफ सांगितलं, नाही. "तू सूचना सांग, गाणी सांग. गोष्टी ही सांगेल."

"बघा, कानामागून आली आणि तिखट झाली!" आई आठवडाभर कुरकुरली. पण गाण्यांच्या वेळी ती अशी काही रंगायची की मागच्या बाकांवरची माणसं पुस्तकात बघायचं सोडून तिच्याकडे बघायची. पुढच्या महिन्यात मामा आपल्या दोन बहिऱ्या मित्रांना घेऊन आला, एक शिंपी आणि एक छापखान्यातला. 'हात येणारा' देव बघायला ते आले होते. तिघं मिळून भर उपदेशात वाद घालायचे. पाळकसाहेबांचा धागा तुटायचा आणि ते थांबून विचारायचे, "काय म्हणतायत?"

भाचीने कुणाला काही जाहीर केलं नाही. तिला पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, आता तुझं काय? ती म्हणाली, "मी त्याला दहा वर्षं फोन केला नव्हता. इतकी वर्षं काय सांगू, कुठून सुरू करू, याचीच लाज वाटत होती. आता वाटतं, तो मला आधी बाजूला घेऊन जाईल. मग बघू." पाळकसाहेब उठले. त्यांनी तिला चहा दिला.

एका सोमवारी सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी ती स्वयंपाकघरात दूध तापायची वाट बघत उभी होती. खिडकीतून उजेड येत होता. तोंडाने प्रार्थना करायची तिला सवय नव्हती. तिने हात उचलले. आधी नुसतं, "मी आले आहे." मग मामाचं, आईच्या मनगटाचं, त्या तीन दिवस पाणी न आलेल्या म्हातारबाबांचं सांगितलं. मग ती स्वतःविषयी बोलू लागली. खिडकीकडे तोंड करून ती बराच वेळ बोलत होती, आणि मध्येमध्ये थांबत होती, समोरचा काही सांगत असावा तशी.

आई दाराशी आली. दूध वर चढत होतं. दोन माणसं हातांनी बोलत असली की मधून जायचं नाही, त्यांचं बोलणं तुटतं, हा त्या घराचा जुना नियम. गॅसची शेगडी खिडकीखालीच, नेमकी मध्ये. आई क्षणभर घुटमळली. मग टेबलाला वळसा घालून, भिंतीला पाठ घासत, पोट आत ओढून ती कशीबशी पलीकडे पोचली, खाली वाकून तिने हात लांबवून गॅस बंद केला आणि आली तशीच वळशाने परत गेली.